काही विचारायचं असेल तर विचार

...आणि वर मलाच विचारतात, "सर, तुमचा विषय म्हणजे नेमकं काय हो?" आता काय सांगायचं? विद्यापीठाचा अधिव्याख्याता आहे मी, सातारच्या केंद्रात, व्यवसाय-मार्गदर्शन आणि प्रशिक्षण! गणितवाल्याला कुणी विचारत नाही, इतिहासवाल्याला तर नाहीच नाही, पण मी नुसतं 'व्यवसाय-मार्गदर्शन' म्हटलं की समोरचा आधी इकडंतिकडं बघतो, मग खुर्ची पुढं ओढतो आणि कानाशी येऊन म्हणतो, "मग आमच्या भाच्याला चिकटवा की कुठंतरी." अहो, मी चिकटवत नाही! मी माणूस तयार करतो, त्याला बसायला शिकवतो, बोलायला शिकवतो, साहेबाच्या टेबलासमोर हात कुठं ठेवायचे ते शिकवतो... तर तो म्हणतो, "त्ये ऱ्हाऊ द्या, चिकटवायचं बघा." जाऊ द्या. माझी बायको अनसूया, तिला शेजारणीनं विचारलं, तुमचे हे काय शिकवतात, तर म्हणाली, "दुसऱ्याच्या पोरांना नोकऱ्या कशा लागतील ते." आणि या 'दुसऱ्याच्या' शब्दावर तिनं जो जोर दिला ना, तो मला आतल्या खोलीत ऐकू आला.

तर तुम्हाला सांगतो, आमच्याकडच्या पोरांचं दुखणं काय, तर मुलाखतीत शेवटपर्यंत सगळं ठीक चालतं. नाव सांगतात, गाव सांगतात, मार्क सांगतात. मग साहेब म्हणतो, तुम्हाला काही विचारायचंय का? की संपलं! पोरगं मान हलवतं, न्हाई न्हाई म्हणतं, नमस्कार करत करत उलटं चालत जातं, एक जण तर दार समजून कपाटाला जाऊन धडकला होता. मी वर्गात फळ्यावर ठोकून सांगायचो, अरे बाबांनो, तो प्रश्न म्हणजे मुलाखतीचा कळस आहे! तिथं गप्प बसू नका. तिथं मान वर करा, साहेबाच्या डोळ्यांत बघा आणि विचारा, "इथं मला शिकायला आणि पुढं जायला वाव काय आहे?" बस. एवढं एक वाक्य. हे वाक्य माझं स्वतःचं आहे बरं का, कुठल्या पुस्तकातलं नाही. खंडाळ्यापासून विट्यापर्यंत पोरं ते पाढ्यासारखी घोकायची. मेढ्याचा केरबा म्हणून एक होता, तो लष्कराच्या भरतीला गेला आणि छाती मोजून झाल्यावर त्यानं सुभेदाराला विचारलं, इथं पुढं जायला वाव काय आहे? सुभेदार म्हणाला, "पुढं? सरहद्द लागंपतूर जा की." पण घेतला हो त्याला! घेतला म्हणजे काय, लगेच घेतला!

बाकीच्यांना मात्र काय उत्तर मिळायचं ठाऊक आहे? "कळवतो."

हा 'कळवतो' जरा नीट ध्यानात घ्या, कारण माझं सगळं घर त्याच्यावर लोंबकळलंय. आपल्या या सातारा-सांगली दोन जिल्ह्यांत 'नाही' म्हणायची पद्धतच नाही. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे माणसाचा अपमान, मग काय म्हणायचं? कळवतो! माझ्या बढतीचं विचारायला गेलो, कळवतो. घरमालकाला म्हटलं कौलं गळतात, कळवतो. अहो, तुमची कौलं, तुम्ही कुणाला कळवणार? आणि पुढं कळवत कुणीच नाही. माणूस आपला पोस्टमनच्या सायकलकडं बघत म्हातारा होतो.

आता माझी मुलगी. शकुंतला. शकू. एकुलती एक, बी.ए. झालेली, अर्थशास्त्र घेऊन. ही पोरगी कशी वाढली सांगू? आमच्या पुढच्या खोलीत रविवारी माझ्या रंगीत तालमी चालायच्या. म्हणजे खोटी मुलाखत हो! एक टेबल, पलीकडं साहेब, अलीकडं उमेदवार. साहेब व्हायला माणसं कमी पडायची, मग शकूला बसवायचो. परकर-पोलक्यातली पोरगी, पण काय प्रश्न विचारायची! "तुम्ही आधीची नोकरी का सोडली?" समोरचा बाप्या घामानं निथळायचा. आणि शेवटचं ते वाक्य तर तिनं इतक्यांच्या तोंडून ऐकलं होतं की, तिला ते ऐकल्याशिवाय मुलाखत पुरी झाली असं वाटायचंच नाही. तिच्या मनात एकच होतं, बँकेत लागायचं. काउंटरमागं नाही, आतल्या काचेच्या खोलीत. मला म्हणायची, "अण्णा, तुम्ही सगळ्यांना तयार करता, मी तर फुकटच तयार झाले." मला केवढी धन्यता वाटायची! आणि अनसूया भाकरी थापता थापता म्हणायची, "तुमचं ते तिकडं केंद्रात ठेवा. पोरीला बघायला माणसं यायचीत."

आली की माणसं! चौऱ्याहत्तर साल, दिवाळी नुकती झालेली. सांगलीकडचं घर, ऊस, विहिरी, जीपगाडी. मुलगा हिंदुराव, बी.कॉम. झालेला, वडील नाहीत, चुलता कर्ता. चुलत्याला अख्खं गाव आप्पासो म्हणतं. माणूस भारदस्त, फेटा असा की तो काढला तर खाली डोकं असेल की नाही अशी शंका यावी. बसले. पोहे झाले. शकू आली, डोक्यावर पदर, पाटावर बसली. अनसूयानं आधी चार दिवस तिला बजावलं होतं, खाली बघ, विचारलं तेवढंच सांग, आवाज बारीक ठेव. आणि मी... मी एक अक्षर बोललो नव्हतो हो! उगाच माझ्या नावावर घालू नका.

मग आप्पासोंनी सुरुवात केली. नाव काय, कितवी शिकलीस, भाकरी येती का, तालुका कंचा, मामाचं गाव कंचं. मी ऐकतोय, आणि तुम्हाला सांगतो, मला मनातून हसू यायला लागलं, कारण ही तर साधी मुलाखतच होती! तेच टेबल, तेच प्रश्न, फक्त पगाराचं इथं उलटं विचारायचं. शकू सगळ्याला बरोबर उत्तरं देत होती, खाली बघून, बारीक आवाजात. अनसूया दाराआडून खूश. झालं. आप्पासोंनी ताटली खाली ठेवली, मिशीवरचं खोबरं झटकलं, आणि रीतीप्रमाणं म्हणाले...

आता ही रीत बघा. हे सगळेच म्हणतात. म्हणायचंच असतं. आणि मुलीनं मान हलवून, पदर सावरून आत जायचं असतं, हेही सगळ्यांना माहीत असतं. शेंबड्या पोराला माहीत असतं. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात हे माहीत नसलेली एकच मुलगी होती आणि ती माझ्या घरात वाढली होती.

आप्पासो म्हणाले, "पोरी, तुला काय इचारायचं आसंल तर इचार."

शकूनं मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत बघितलं. मला कळलं! अहो, मला तिच्या मानेवरनंच कळलं, मी तीच मान शेकडो पोरांना वर करायला शिकवली होती, आणि मी खुर्चीतून अर्धा उठलोसुद्धा, पण तोपर्यंत ती बोलून गेली होती, स्वच्छ, एक शब्द न अडखळता, "या घरात मला शिकायला आणि पुढं जायला वाव काय आहे?"

पोह्यांचा चमचा बशीत पडला. कुणाचा होता कोण जाणे. दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. हिंदुराव, जो आल्यापासून गालिच्याची नक्षी पाठ करत होता, त्यानं पहिल्यांदा मान वर करून मुलगी बघितली. आणि आप्पासो... चिडले नाहीत हो. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खरंच विचार केला! मिशीवरनं हात फिरवला आणि समजुतीनं म्हणाले, "पुढं जायचं म्हंजे... आमच्यात बायामाणसं पुढं जात न्हाईत, बाय. पुढं आमी आसतो. बायामाणसं मागनं येत्यात."

शकू म्हणाली, "आणि शिकायला?"

"आता आणि काय शिकायचं? मास्तर तर म्हन्ले, समदं शिकून झालंय."

मग उठले, कोल्हापुरी चपला घातल्या, जीपगाडीत बसले आणि खिडकीतून मला म्हणाले, "पोरगी लय हुशार हाय, मास्तर. घरी जाऊन कळिवतो."

त्या दिवशी अनसूया माझ्याशी जे बोलली ते मी इथं सांगत नाही. सारांश असा, की जगात बाप पोरींना दागिने देतात आणि मी माझ्या पोरीला एक प्रश्न दिला. मी म्हटलं, अगं, प्रश्न चांगला आहे! तर म्हणाली, "चांगला आहे तर तुम्ही विचारा की एकदा मला."

महिना गेला, संक्रांत गेली. पोस्टमन आमच्या दारावरून घंटी न वाजवता जायचा, त्यालाही लाज वाटत असावी. आणि मग एका सकाळी, तुम्हाला सांगतो, दारात जीपगाडी! आप्पासो स्वतः, मागं हिंदुराव, आणि त्याच्या खांद्यावर गुळाची आख्खी ढेप. गूळ घेऊन कोण येतं? सांगा ना, नकार द्यायला कुणी ढेप घेऊन येतं का? अनसूया आत पळाली, साखरेचा डबा आणला, आप्पासोंच्या हातावर साखर ठेवली. आप्पासोंनी खाल्ली. मी फेट्याकडं बघतोय, म्हणतोय, देवा, एकदाचं कुणीतरी कळवलं! साखर गिळून आप्पासो म्हणतात, "मास्तर, आमच्या हिंदुरावला सांगलीच्या बँकेचं बोलावणं आलंय. तुमी त्यातलं दर्दी. तेवढं त्येला इंटरवू शिकवा."

दाराआडून अनसूयानं विचारलं, "आणि आमच्या शकूचं?"

"त्ये कळिवतो की!" असं म्हणाले, जणू काय मध्ये दोन महिने गेलेच नव्हते.

आता मी नाही म्हणायला पाहिजे होतं, असं तुम्ही म्हणणार. कसं म्हणू? गूळ घरात आलेला. शिवाय मुलगा दारात उभा, ढेपेनं खांदा चिकट झालेला, आणि तोंडावर असला भाव की मीच त्याला वाचवणार. आणि मनात एक किडा होता, खोटं कशाला बोलू... म्हटलं, येऊ दे, बसू दे, बघू दे. पोरगा वाईट नव्हता.

आणि गंमत बघा, त्याच बँकेचं बोलावणं शकूलाही आलं होतं. तीच जागा, तोच दिवस. तरी तिनं पुढच्या रविवारी टेबल पुढं ओढलं, पलीकडं स्वतः बसली आणि हिंदुरावाला म्हणाली, "या. दार लावून घ्या. नाव सांगा."

मी कोपऱ्यात बसून बघायचो. हिंदुराव हात गुडघ्यांत दाबून बसायचा, तिनं ते बाहेर काढायला लावले. बोलताना छताकडं बघायचा, तिनं खाली आणला. 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं. चुकला की एवढं तोंड करायचा आणि ती हसायची, आणि ती हसली की अनसूया आतून चहा पाठवायची, न मागता, आलं घालून. माझ्या मनातला किडा चांगला गुबगुबीत झाला. शेवटच्या रविवारी शकूनं त्याला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय का?" तर हा गडी तिच्याकडं बघतच राहिला. मी श्वास धरला. मग म्हणाला, "इथं मला शिकायला आणि पुढं जायला वाव काय आहे?" एकही चूक नाही! शकू म्हणाली, "बरोबर. जाताना मागं वळून बघू नका." आणि तो खरंच न बघता गेला. इतका चांगला शिकवला होता तिनं!

मुलाखतीला मी शकूबरोबर सांगलीला गेलो. एस.टी.नं. सगळ्या वाटेत मी तिला काही सांगितलं नाही, सांगायला उरलं काय होतं? बाहेरच्या बाकावर सगळी पोरं, एकटी शकू बाई. तिचा नंबर हिंदुरावाच्या आधी. आत गेली, बाहेर आली. चेहरा ठीक. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, सगळं आलं, अण्णा, व्याजाचं विचारलं, ठेवींचं विचारलं, सगळं आलं. मग चेअरमन म्हणाले, काही विचारायचंय का? मी विचारलं. तर तिघं एकमेकांकडं बघून हसले. चेअरमन म्हणाले, "बाई, तुम्ही पुढं जाणार त्या सासरी. इथं कशाला वाव शोधता?"

"मग?" मी म्हटलं.

"मग म्हणाले, कळवतो."

तेवढ्यात हिंदुराव आत गेला. बँकेचं दार तकलादू, आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. नाव आलं, गाव आलं, व्याजाच्या प्रश्नाला थोडा घसरला, ठेवींना पुरताच पडला. मग चेअरमनचा आवाज, तुम्हाला काही विचारायचंय का? आणि मग तेच वाक्य. माझं वाक्य! शकूनं घासून घासून लख्ख केलेलं! आणि टेबलावर थाप पडली. चेअरमन म्हणत होते, "शाब्बास! बघा, याला म्हणतात उमेद. नाही तर ही हल्लीची पोरं!" मी शकूकडं बघितलं नाही. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावरचे सगळे सण वाचून काढले.

आणि तुम्हाला सांगतो, त्याला 'कळवतो' म्हणाले नाहीत. त्याला जागच्या जागी सांगितलं, एक तारखेपासून या! म्हणजे येतं हो त्यांना सांगायला! मला इतकी वर्षं वाटत होतं की या लोकांना येतच नाही.

हिंदुराव बाहेर आला तो थेट आमच्याकडं. मनानं भला, लपवायचं काय ते त्याला ठाऊकच नाही. म्हणाला, "सर, त्यो परश्न लय आवडला साहेबास्नी." आनंदानं सगळं शुद्ध बोलणं विसरला होता. शकूनं विचारलं, "उच्चार नीट केलात ना?"

"व्हय," म्हणाला, आणि मग तिच्या तोंडाकडं बघून त्याला काहीतरी उमगलं असावं, कारण तो पुन्हा खाली फरशीकडं बघायला लागला.

पहिला पगार झाल्यावर पेढे आले. आप्पासो, हिंदुराव, जीपगाडी. अनसूयानं या खेपेला साखरेचा डबा काढला नाही, पण हातातलं काम टाकून दाराशी उभी राहिली. मी धीर केला. एवढी वर्षं दुनियेला धीर शिकवला, एकदा स्वतः केला. म्हटलं, आप्पासो, मुलीचं आता काय ते स्पष्ट सांगा. आप्पासोंनी पेढ्याचा पुडा दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. डोळ्यांत पाणी हो त्यांच्या! खोटं नव्हतं ते पाणी, तेच तर जास्त लागतं. म्हणाले, "मास्तर, तुमच्या लेकीनं आमच्या पोराला मानसात आणलं. ती आता त्येची गुरू झाली की! गुरूसंगं लगीन कसं लावायचं? पाप लागंल आमाला." आणि मागं वळून म्हणाले, "हिंदुराव, पाया पड रं तिच्या."

आणि तो वाकला! तो बी.कॉम., तो बँकेतला, तो ज्याला बघायला म्हणून मी कोपऱ्यात श्वास धरून बसायचो, तो माझ्या मुलीच्या पायांशी वाकला! शकूनं पाय मागं घेतले. तो उभा राहिला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मग? आहे का वाव?"

तो खाली बघून म्हणाला, "सध्या काउंटरला बसवलंय."

आता यात भांडायचं कुणाशी? नकार दिला असता तर भांडलो असतो. इथं माझ्या पोरीला त्यांनी देव्हाऱ्यात नेऊन बसवली आणि दार लावून घेतलं! पुढच्या वैशाखात त्याचं लग्न झालं. मुलगी सातवी शिकलेली, गोरी, तिला 'काही विचारायचंय का' म्हटल्यावर तिनं छान मान हलवली असणार. आम्हाला आमंत्रण होतं. गुरूला पहिलं.

शकूचं काय, म्हणता? आहे ना. मेढ्याला शाळेत आहे. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या त्यांच्या जागी लागली, मग दुसऱ्या कुणाच्या जागी, असं चाललंय. दर उन्हाळ्यात हेडमास्तरांना विचारते, जूनपासून येऊ ना? हेडमास्तर फार सज्जन. म्हणतात, कळवतो. बघायला येणारे अजून येतात, आणि शेवटी रीतीचं विचारतात. ती आता मान हलवते. अनसूयाला वाटतं, सुधारली. मला... मला ती मान हललेली बघवत नाही. मी तेव्हा पाणी प्यायला म्हणून आत जातो.

आणि मी? मी आहेच की केंद्रात. तेच टेबल, तोच फळा, तेच वाक्य, पोरं अजून घोकतात, अजून लागतात, पेढे आणतात. यंदा जूनमध्ये नवीन तुकडी आली, तिच्यात एक खंडाळ्याची मुलगी, मागच्या बाकावर. मी नेहमीसारखा रंगात आलेलो, फळ्यावर ठोकून सांगतोय, मान वर करा, डोळ्यांत बघा, विचारा! सगळी पोरं माना खाली घालून लिहून घेतायत. ही लिहीत नव्हती. उभी राहिली, मान वर केली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "सर, मुलींनीपण विचारायचा का हा प्रश्न?"

खडू माझ्या हातात. एवढी वर्षं या विषयात घालवलेला माणूस मी, विद्यापीठाचा अधिव्याख्याता, तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढं ते पाटावरचं पोर आलं, आणि मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना...

मी म्हटलं, "कळवतो."